चोर, मोची आणि अठ्ठावीस वर्षांची शिवण

पडद्यामागचं विचारा : प्रश्न तुमचे, उत्तरं ताईची

गेल्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले की ‘द थीफ अँड द कॉबलर’ हा अर्धवट राहिलेला कार्टून सिनेमा त्याच्या चाहत्यांनी घरी बसून मूळ रूपात परत जोडला. ते एक वाक्य चांगलंच महागात पडलं, कारण तेव्हापासून पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप, सगळीकडून तेच चाललंय. म्हणून यावेळी सगळं पान त्यालाच देतेय. घटस्थापनेला मोबाईल स्टँड कुठला घ्यावा असं विचारणाऱ्या काकांनी एक अंक थांबावं, प्लीज.

ताई, एका ओळीत उरकलंत तुम्ही. अठ्ठावीस वर्षं कोण सिनेमा बनवतं? मी अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. — एक विद्यार्थी, इचलकरंजी

अरे, सांगितलं नसेल पण त्या माणसाचं पुस्तक तुझ्या बॅगेत नक्की असणार. ‘द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’, ज्यात माणूस कसा चालतो यावरच पानंच्या पानं आहेत, तेच. ते लिहिणारा रिचर्ड विल्यम्स म्हणजेच हा अठ्ठावीस वर्षंवाला.

मूळचा टोरांटोचा, जन्म १९३३चा, स्टुडिओ लंडनला सोहो स्क्वेअरमध्ये. इद्रीस शाह नावाचे लेखक मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी इंग्रजीत आणत होते, त्यांच्या पुस्तकांसाठी विल्यम्स चित्रं काढत होता, आणि त्यातून १९६४ला त्याच्या डोक्यात आलं की नसरुद्दीनवर सिनेमा करू. हाच आपला नसरुद्दीन, गाढवावर उलटा बसणारा. काही वर्षं काम चाललं आणि मग १९७२च्या सुमाराला हिशोबावरून आणि हक्कांवरून शाह मंडळींशी वाजलं. गोष्टी त्यांच्या, त्यामुळे नसरुद्दीन गेला त्यांच्याकडे. पण कोपऱ्यात एक चोर होता, अंगाभोवती माशा घोंगावणारा, दिसेल ते उचलणारा, तो विल्यम्सने स्वतःच्या मनानं काढलेला होता. तो राहिला. मग त्या चोराभोवती नवीन गोष्ट रचली. एक सोन्याची नगरी, तिच्या मिनारावर तीन सोन्याचे गोळे, एक झोपाळू राजा, त्याचा कपटी वजीर झिगझॅग जो कवितेतच बोलतो, एक राजकन्या, आणि टॅक नावाचा मोची. या टॅकच्या ओठात कायम चुका धरलेल्या असतात, म्हणजे ते बारके खिळे, आणि त्या चुका वरखाली झाल्या की आपल्याला कळतं तो हसतोय की घाबरलाय, कारण तो जवळजवळ बोलतच नाही. चोरही बोलत नाही. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

आता पैसे कुठून आणायचे? गावाकडं लोक घर बांधतात ना, ऊस गेला की एक खोली, पुढच्या साली स्लॅब, मग पोराचं लग्न निघालं की दोन वर्षं सगळं तसंच, गज वर आलेले, तसं याचं चाललं होतं. स्टुडिओ जाहिराती करायचा, दुसऱ्यांच्या सिनेमांची टायटल्स करायचा (पिंक पँथरची १९७५ची टायटल्स यांचीच), मधे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या छोट्या फिल्मला ऑस्कर मिळालं, आणि जे काही हाती लागेल ते या सिनेमात ओतायचं. शिवाय त्यानं काय केलं तर हॉलिवूडच्या रिटायर झालेल्या म्हाताऱ्यांना बोलावून आणलं. बग्ज बनीच्या फिल्म्सवर काम केलेला केन हॅरिस, बेटी बूप ज्यानं काढली तो ग्रिम नॅटविक, गूफीला गूफी करणारा आर्ट बॅबिट. बॅबिटनं तर १९७३मध्ये स्टुडिओ बंद ठेवून सगळ्यांचा महिनाभर क्लास घेतला, विल्यम्स स्वतः पोरांबरोबर बसून वही भरत होता म्हणे. ही तिन्ही माणसं सिनेमा पूर्ण व्हायच्या आधीच गेली. हॅरिस १९८२ला, नॅटविक शंभर वर्षांचा होऊन १९९०ला, बॅबिट १९९२ला.

आणि वेळ का लागला म्हणशील तर तुला माहितीय, सेकंदाला चोवीस फ्रेम असतात पण बहुतेक जण एक चित्र दोन फ्रेम वापरतात, म्हणजे बारा चित्रांत सेकंद निघतो. विल्यम्सला ते मंजूर नव्हतं. चोवीस म्हणजे चोवीस. दीड तासाच्या सिनेमाला होतात १,२९,६०० फ्रेम, आणि एका फ्रेममध्ये एकच पात्र असतं असं थोडंच आहे. वजीर पत्ते पिसतो तो शॉट बघ. पत्त्यांची माळ एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पंखा होतो, मिटतो, आणि प्रत्येक पत्ता वेगळा काढलेला आहे. पाठलागाच्या सीनमध्ये काळ्यापांढऱ्या चौकटीची फरशी आणि जिने असे काही फिरतात की डोळ्यांना भोवळ यावी, आणि कॉम्प्युटर नाही हं कुठेच, सगळं पेन्सिलीनं.

पुढचं पटकन सांगते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सौदीच्या एका राजपुत्रानं दहा मिनिटांचा नमुना बनवायला पैसे दिले, नमुना अफाट झाला पण मुदत आणि बजेट दोन्ही उडालं, राजपुत्र गेला. मग १९८८ला ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’चं अ‍ॅनिमेशन विल्यम्सनं केलं, दोन ऑस्कर घरी आली, आणि त्या जोरावर वॉर्नर ब्रदर्स पुढे आले. पण मोठ्या सिनेमाला एक हमीदार कंपनी असते, की वेळेत झालं नाही तर आम्ही ताब्यात घेऊन पूर्ण करू. १९९१ची मुदत गेली. मे १९९२मध्ये विल्यम्सनं होतं ते जोडून वॉर्नरला दाखवलं, जिथं चित्र नाही तिथं कच्ची रेखाटनं. साधारण पंधरा मिनिटांचं काम बाकी होतं. वॉर्नरनी अंग काढून घेतलं आणि हमीदारांनी सिनेमा उचलून नेला. पंधरा मिनिटं रे.

तुमचं वाचून मुद्दाम शोधून बघितला. चोर दीड तास बडबडतोय, गाणी फालतू, वीस मिनिटांत बंद केला. तुम्हाला यात काय एवढं दिसलं? — एक वाचक, नागपूर

तुम्ही चुकीचा बघितलात हो. चूक तुमची नाही, नावंच इतकी आहेत की घोळ होणारच.

ताब्यात घेतल्यावर फ्रेड कॅलव्हर्ट नावाच्या निर्मात्याला काम दिलं, की हे संपवा, लवकर आणि स्वस्तात. त्यांनी बरेचसे सीन कापले, बाहेरच्या स्टुडिओंकडून नवीन करून घेतले, गाणी घातली (तेव्हा डिस्नेची गाण्यांची लाट होती ना, मग यालाही हवीत), मोच्याला बोलतं केलं. तो १९९३मध्ये ‘द प्रिन्सेस अँड द कॉबलर’ म्हणून ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत लागला. मग मिरामॅक्सनं घेतला, आणखी कापला, मोच्याला मॅथ्यू ब्रॉडरिकचा आवाज दिला, आणि चोराला दिला जोनाथन विंटर्सचा, म्हणजे तोंड हलतच नाही पण मनातल्या मनात अखंड बडबड, विनोदावर विनोद, जसं कीर्तनात कुणीतरी मागे बसून बुवांच्या प्रत्येक वाक्यावर कमेंट करावी. नाव ठेवलं ‘अरेबियन नाइट’, ऑगस्ट १९९५ला अमेरिकेत लागला आणि आपटला. तुम्ही बघितलात तो हाच. कॅनडात याची डीव्हीडी सकाळच्या सीरिअलच्या खोक्यात फुकट मिळायची, यावरून काय ते समजा.

सोपी ओळख सांगते. चोर बोलला की बंद करा. तुम्हाला हवाय तो चाहत्यांनी जोडलेला ‘रीकॉबल्ड कट’, मराठीत म्हणायचं तर पुन्हा टाके घातलेला.

(सगळ्या व्हर्जनमध्ये एक गोष्ट मात्र टिकली, वजिराचा आवाज. तो व्हिन्सेंट प्राइसचा, आणि तो कितीतरी आधी रेकॉर्ड करून ठेवला होता. चित्र यायच्या वर्षानुवर्षं आधी आवाज तयार. कुणाची हिंमत झाली नाही तो बदलायची.)

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय की हे केलं कसं? मटेरियल कुठून आलं? — एक एडिटर, पुणे

वा, आता माझ्या आवडीचं.

आधी माझीच एक गोष्ट. मावशीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट होती आमच्याकडे. मूळ कॅसेट सासरी गेली, आमच्याकडची तिची कॉपी, आणि मग मामानं आमच्या कॅसेटवरून तिसरी केली. काही वर्षांनी आमची बुरशीनं गेली, म्हणून मामाची आणून एका दुकानात डिजिटल करायला दिली. आली तेव्हा मावशीचा शालू जांभळा दिसत होता, जो की हिरवा होता, आणि चेहऱ्यांच्या जागी नुसते गोरे डाग, वर त्या दुकानदारानं प्रेमानं सनईच्या जागी स्वतःच्या पसंतीचं गाणं टाकून दिलं होतं, आणि विचारलं तर म्हणतो मॅडम, आवाजात खरखर होती म्हणून क्लीन केला. मी पैसे देऊन आले आणि रिक्षात रडले.

तर थीफची अवस्था नेमकी अशी होती. १९९२ला वॉर्नरला दाखवलेली जी कच्ची प्रत, तिला वर्कप्रिंट म्हणतात, तिच्या व्हीएचएस कॉप्या अ‍ॅनिमेटर लोकांत हातोहात फिरत होत्या, कॉपीची कॉपी. त्यात चित्र धूसर, रंग उडालेले, पण क्रम आणि लांबी विल्यम्सची. म्हणजे कुठला शॉट कुणानंतर, किती वेळ, हे सगळं फक्त तिथं. उलट ‘अरेबियन नाइट’च्या डीव्हीडीवर रंग चांगले पण शॉट कापलेले, उलटेसुलटे लावलेले, आणि वर ती बडबड. शिवाय बऱ्याच प्रतींत वाइडस्क्रीन चित्राच्या दोन्ही कडा टीव्हीसाठी छाटलेल्या. पूर्ण रुंदीची प्रत होती जपानी डीव्हीडीवर.

गॅरेट गिलख्रिस्ट हा अमेरिकन फिल्ममेकर आणि अर्थात कट्टर चाहता. त्यानं २००६ला पहिला कट बाहेर काढला. पद्धत तुझ्या लगेच लक्षात येईल बघ. वर्कप्रिंट टाइमलाइनवर खाली अंथरायची, हा झाला नकाशा. मग त्याच शॉटचं जे सगळ्यात चांगलं चित्र कुठे मिळेल ते आणून वर बसवायचं, फ्रेमला फ्रेम जुळवून. आवाज मात्र खालचा, कारण वरच्या आवाजात चोर बोलतोय. आणि इथं खरी मारामारी, कारण वर्कप्रिंट म्हणजे कॉपीवरून कॉपी होत झिजलेली टेप, डीव्हीडी वेगळ्या स्पीडची, आपण ज्याला पुलडाउन म्हणतो, म्हणजे टीव्हीच्या स्पीडसाठी घातलेल्या जादा फ्रेम, तो काढला नाही तर चोवीस फ्रेमचा सिनेमा थरथरतो, आणि ज्या सिनेमात प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र आहे तिथं एक फ्रेम इकडची तिकडे झाली तरी डोळ्याला खटकतं. एका शॉटचं अर्धं डीव्हीडीत आहे आणि कापलेलं अर्धं टेपमध्ये, मग मधेच चित्र स्वच्छवरून धूसर होतं, तो सांधा रंग जुळवून झाकायचा. पुढे जुन्या अ‍ॅनिमेटर्सकडून तुकडे येत गेले, काही भाग ३५ एमएम फिल्मवरून मिळाला, आणि प्रत्येक वेळी सगळं परत उसवून परत शिवायचं. चौथी आवृत्ती २०१३ला आली. सात वर्षं.

मला यात सगळ्यात आवडतं काय माहितीये? भोकं दिसतात. युद्धाचा मोठा सीन आहे, एकडोळ्या राजाचं डोंगराएवढं युद्धयंत्र, चाकं, तोफा, भाले, हत्ती, आणि मोची एक चूक भिरकावतो, ती टणटण उडत एका शिपायाला लागते, तो दुसऱ्यावर पडतो, तो तिसऱ्यावर, आणि अख्खं यंत्र स्वतःलाच खात सुटतं. मिनिटामागून मिनिटं ते कोसळतंय आणि त्याच्या पोटातून आमचा चोर चालत चाललाय, इकडे भाला गेला तिकडे तोफ फुटली, याला पत्ता नाही, याचं लक्ष सोन्याच्या गोळ्यांवर. हे बघताना आधी लखलखीत रंग, मग धूसर, मग आणखी कुठे एकदम रंग गायब आणि नुसती पेन्सिल, कागदावर रेघा हलतायत. पहिल्यांदा धक्का बसतो. दुसऱ्यांदा तुम्ही त्या रेघांची वाट बघता, कारण तिथं हात दिसतो. मी हे माझ्या नवऱ्याला दाखवलं, तो सिव्हिल इंजिनियर आहे, म्हणाला अरे हे तर प्लास्टर व्हायच्या आधीची भिंत, काम कसं केलंय ते आत्ताच कळतं.

अगदीच चित्र नाही तिथं गिलख्रिस्टनं काही ठिकाणी कॅलव्हर्टनी करून घेतलेलं अ‍ॅनिमेशनही वापरलंय, आणि चाहत्या आर्टिस्टांकडून थोडं नवीनही काढून घेतलंय. ते मला तितकंसं पटत नाही, माझ्या मते पेन्सिल असेल तर पेन्सिलच ठेवावी. पण आठ तास बसून एक सांधा जुळवणाऱ्या माणसाला सोफ्यावरून सल्ला देणारी मी कोण.

हे सगळं कौतुक ठीक आहे, पण दुसऱ्याचा सिनेमा परवानगीशिवाय कापून जोडणं म्हणजे पायरसीच ना? उद्या कुणी तुमचं सदर कापून जोडलं तर चालेल का? — एक सेवानिवृत्त वकील, ठाणे

वकीलसाहेब, कायद्यानं तुमचंच बरोबर. हक्क चाहत्यांचे नाहीत, कट अधिकृत नाही, आणि म्हणूनच तो कुणी विकत नाही, फुकट ठेवलाय.

पण अधिकृत वाट कुणी चोखाळलीच नाही असंही नाहीये. मिरामॅक्स तेव्हा डिस्नेच्या मालकीची होती, आणि वॉल्टचा पुतण्या रॉय डिस्ने याला सिनेमा मूळ रूपात आणायची इच्छा होती. पण २००३मध्ये तोच कंपनीतून बाहेर पडला आणि विषय तिथंच थंडावला. तीन वर्षांनी पहिला रीकॉबल्ड कट आला. ज्यांचा माल होता त्यांच्या गोदामात तो पडून होता, आणि लोकांकडे झिजलेल्या टेपा होत्या.

आणि माझं सदर म्हणाल, तर संपादक दर महिन्याला कापून जोडतातच की.

‘अलादीन’ यावरूनच ढापला असं ऐकलंय, खरं का? — एक वाचक, दुबई

ढापला हा शब्द मी वापरणार नाही. वजीर झिगझॅग शेजारी ठेवला तर जाफरही दिसतो आणि जिनीही दिसतो हे खरं, कुणालाही दिसेल. डिस्नेचा जिनी ज्यानं केला तो एरिक गोल्डबर्ग आधी विल्यम्सकडे काम केलेला, जाफरवाला आंद्रेआस देजा रॉजर रॅबिटला होता, आणि सोहो स्क्वेअरला ही रिळं अख्ख्या लाइनमधल्या लोकांनी पाहिलेली. पण दुष्ट वजीर आणि चोर हा मसाला १९४०च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’पासून सगळ्यांच्याच घरात आहे, त्यातल्या वजिराचं नावच जाफर. खरं दुःख टायमिंगचं. ‘अलादीन’ नोव्हेंबर १९९२ला आला, विल्यम्सच्या हातून सिनेमा गेल्यावर सहा महिन्यांनी, आणि मग १९९५ला थीफ लागला तेव्हा लोक म्हणाले ही अलादीनची नक्कल. अठ्ठावीस वर्षं आधी सुरू केलेला माणूस नक्कलखोर ठरला.

तुम्ही आखातात आहात म्हणून एक आणखी. सिनेमातलं ते सगळं पर्शियन लघुचित्रांसारखं सपाट जग, नक्षी, कमानी, त्याच्या मुळाशी एरल ल केन नावाचा चित्रकार आहे. जन्म सिंगापूरचा, युद्धामुळे घरचे पळून भारतात आले आणि पोराचं बालपण काही वर्षं आग्र्यात गेलं. आता मला सांगा, आग्र्यात वाढलेला मुलगा जाळीदार खिडकी काढणार नाही तर काय काढणार.

आपल्याकडे कुणी असं काही केलंय का, की आपण नुसतं परदेशाचं कौतुक करायचं? — एक शिक्षिका, नाशिक

बाई, नाशिकहून तुम्ही हे विचारताय म्हणजे कमाल झाली! तुमच्याच गावचं उदाहरण आहे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, १९१९चा, त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीये, पाण्यात कसली खेळते ती. हा सिनेमा पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या पी. के. नायरांच्या हाती आला तो फाळक्यांच्या घरच्यांकडून, आणि सलग नाही, तुकड्या तुकड्यांत. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, काही पत्ता नाही. पण फाळक्यांची वही होती, त्यात नोंदी होत्या, आणि त्या नोंदी बघून नायरांनी तुकडे लावले. म्हणजे पुण्यातल्या एडिटरसाहेबांना मी वर जे सांगितलं तेच, फक्त वर्कप्रिंटच्या जागी वही. आणि गंमत बघा, हे संग्रहालय सुरू झालं १९६४ला. विल्यम्सनं पेन्सिल उचलली तेच साल.

फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ नावाची फिल्म केली होती, आपलं पहिलं अ‍ॅनिमेशन म्हणून तिचं नाव घेतात. ती आज नाहीये. वर्कप्रिंट नाही, टेप नाही, काही नाही. तिथं कुठला चाहता काय जोडणार? २००३च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली त्यात अजून किती काय गेलं ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. म्हणून परदेशाचं कौतुक म्हणून हे नाही लिहीत मी. घरात माळ्यावर कुणाची रिळं, कॅसेटी असतील तर दिवाळीच्या सफाईत भंगारवाल्याला देऊ नका एवढंच, आधी कुणालातरी विचारा.

विल्यम्सना स्वतःला हे चाहत्यांचं काम आवडलं का? — एक वाचक, बेळगाव

त्यांनी वर्षानुवर्षं या सिनेमाचा विषयच काढू दिला नाही. पुस्तक लिहिलं, क्लास घेतले, ‘प्रोलॉग’ नावाची छोटी फिल्म करायला घेतली (तिला पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं), पण थीफ म्हटलं की दार बंद. २०१२ला ‘पर्सिस्टन्स ऑफ व्हिजन’ ही या सगळ्यावरची डॉक्युमेंटरी आली त्यातही ते जुन्या मुलाखतींतूनच दिसतात. पोर गेलेल्या घरात जसं त्या नावाचा उच्चार टाळतात तसं असावं, हा माझा अंदाज.

आणि मग डिसेंबर २०१३, ऐंशी वर्षांचे होते ते, लॉस एंजलिसला ऑस्करवाल्या अकादमीच्या थिएटरात त्यांनी सिनेमा दाखवला. पुढच्या जूनमध्ये लंडनला. कुठला कट? चाहत्यांचा नाही. तीच मे १९९२ची वर्कप्रिंट, व्हीएचएस नव्हे तर नीट जपलेली फिल्म, पेन्सिलीच्या भोकांसकट, जशी त्या दिवशी हातातून गेली तशी. वर नाव जोडलं ‘अ मोमेंट इन टाइम’.

यावर चाहत्यांत दोन तट आहेत. काहींना वाटतं आमच्या कामाला त्यांनी मान दिला नाही. मला तसं वाटत नाही. गिलख्रिस्टनं भोकं बुजवायचा प्रयत्न केला कारण त्याला सिनेमा बघायचा होता, आणि विल्यम्सनी भोकं तशीच ठेवली कारण त्यांना माहीत होतं तिथं काय येणार होतं, त्यांच्या डोक्यात तो कधीच पूर्ण होता. आणि हेही म्हणते, सगळा दोष हमीदारांवर ढकलून चालणार नाही. संपलेले सीन परत काढायला घेणारा, स्टोरीबोर्ड (म्हणजे सीन आधी चित्रांत आखून घेणं) नको म्हणणारा, उत्तम काम करणाऱ्यांना झटक्यात घरी पाठवणारा मालक होता तो. माझ्या हातात पैसे असते तर १९९१ला मीही घाबरले असते. २०१९ला ब्रिस्टलला गेले ते.

ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला दाखवू का? कंटाळेल का? — एक आई, सांगली

दाखवा, बिनधास्त. सुरुवात जरा संथ आहे, तेव्हा भडंग द्या हातात. वजिराच्या पायात चूक घुसते तिथं ती हसेल, राजकन्या मोच्याला वाचवायला मुद्दाम स्वतःची चप्पल तोडते तिथं तिला पटेल, आणि पोलोच्या मैदानात चोर घोड्यांच्या पायाखाली तुडवला जातो तो सीन ती तुम्हाला पाच वेळा मागे घ्यायला लावेल. पेन्सिलवाले भाग आले की ती विचारेल रंग का नाही, तेव्हा खरं ते सांगा, की काकांचं काढून व्हायच्या आधी कागद काढून घेतले. आमच्या भाचीला एवढं सांगितलं तर तिनं टीव्ही पॉज करून आपले खडू आणले होते.

फक्त एक करा, संपत आला म्हणून रिमोट उचलू नका. शेवटी पडद्यावर ‘समाप्त’ची अक्षरं येतात ना, चोर परत येतो, इकडेतिकडे बघतो, अक्षरं काखेत मारतो, आणि जाता जाता अख्खी फिल्मच ओढून घेऊन जातो. पडदा पांढरा. टीव्ही बिघडला नाहीये.